नऊ इंचांचं स्टूल

आमच्या दौंडच्या घरी येणारा प्रत्येक माणूस हॉलमध्ये एकदा तरी ठेचकाळतो. तिथे एक लाकडी स्टूल आहे, जमिनीपासून जेमतेम नऊ इंच वर. माझ्या नवऱ्याचा अंगठा त्याच्यावर तीनदा आपटलाय. "हे बाथरूममध्ये तरी ठेव, कपडे धुताना बसायला होईल," असं तो म्हणाला, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. त्या बिचाऱ्याला काय माहीत, हे स्टूल मिळावं म्हणून मी, पंचेचाळिशीतली बाई, सहा महिने किती झुरले होते ते.

ज्यांनी ते दिलं त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. कवठे येमाईचे. वडील मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. आप्पा मात्र दहावी होऊन एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चिकटले. तिथून हजेरीचं टाइम ऑफिस, तिथून पर्सनल खातं, आणि शेवटची दहा-बारा वर्षं ट्रेनिंग. कारखान्यात दोन गट एकमेकांच्या उरावर बसले की मोठे साहेब म्हणायचे, आप्पांना पाठवा. आप्पा जायचे, बसायचे, आणि तासाभरानं परत यायचे. काय केलं म्हणून विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई, बसलो व्हतो." रिटायर झाल्यावर पुण्यातल्या एका संस्थेनं त्यांना हुडकून काढलं आणि आमच्यासारख्या जुन्या कोचांना शिकवायला लावलं.

कोच म्हणजे शिट्टी फुंकणारे नव्हे हं. आमचा धंदा असा, की एखाद्या मॅनेजरसमोर तासभर बसायचं, सल्ला अजिबात द्यायचा नाही, नीट प्रश्न विचारायचे आणि त्याचं उत्तर त्यालाच सापडू द्यायचं. पंधरा वर्षं मी हेच करत आले. एका माणसाचं कुलूप उघडण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी मनातल्या मनात आणि दोन-तीनदा मोठ्यानंही म्हणत असे. पण अलीकडे कंपन्या म्हणायला लागल्या, आमच्या अख्ख्या टीमचं बघा. आणि तिथे माझी गाडी अडली. आठ माणसं एकदम समोर बसली की मला कुणाच्या डोळ्यांत बघावं तेच कळेना. म्हणून मी आप्पांच्या शिकवणीला गेले.

आम्ही सोळा जण होतो, सगळे मुरलेले. कुणाचे केस पांढरे, कुणाचे रंगवलेले. कवठ्याला आप्पांच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग. आप्पा सगळ्यांना साहेब म्हणत, बायांनासुद्धा. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "ओ साहेब, खुर्ची ठेवा तिकडं भिताडाला. खाली बसा." स्वतः ते त्या बुटक्या स्टुलावर बसायचे, गुडघे छातीशी घेऊन.

"उंच बसलं की माणूस शिकवाया लागतो," असं त्यांचं म्हणणं. "आन् भुईवर बसलं की लोकं पाया पडत्यात. म्हून हे मधलं."

ही स्टुलं ते स्वतः बनवायचे. कुठून कुठून फळ्या गोळा करायच्या, रंधा मारायचा, ठोकायचं. शिकणाऱ्याला टीमचं काम जमलं असं त्यांना वाटलं की त्याला एक स्टूल द्यायचे. कधी देणार, कशावरून ठरवणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या आधीच्या तुकडीतल्या एकाच बाईंना मिळालं होतं, आणि त्या मुंबईहून विमानानं कुठे जातानाही ते बरोबर नेतात म्हणे. ते ऐकल्यापासून माझं चित्त त्या स्टुलावर. नको तिथे इरेला पेटायची माझी सवय जुनी आहे. रेल्वे कॉलनीत वाढले, पाच भावंडांत खिडकीची जागा भांडून मिळवलेली मी.

पुण्याहून आलेल्या लोकांना आप्पांकडून मेंढरांचं काहीतरी ऐकायचं असे. धनगराच्या पोटी जन्मलेला माणूस, कळप कसा हाकायचा, पुढं कोण चालतं, मागं कोण राहतं, असलं काहीतरी गहन. एकानं वही उघडून विचारलंच. आप्पांनी त्याच्या वहीकडे बघितलं.

"साहेब, मेंढरं मेंढरं असत्यात. गवत खात्यात. तुमच्या म्यानेजराला ते दिलं तर चालंल का?"

तसंच इनामगावचं. थंडीत एकदा आम्हाला घोड नदीच्या काठी घेऊन गेले, तिथे म्हणे हजारो वर्षांपूर्वीची घरं उकरून काढली होती. आम्ही सगळे गंभीर चेहरे करून त्या मातीकडे बघत उभे. शेवटी मी विचारलं, "आप्पा, यातून आपण काय शिकायचं?"

"काय न्हाई. हितल्या पाव्हण्याकडं हुरडा चांगला भेटतो. चला."

पण खरा धडा झाला तो पिठल्याचा. एका सकाळी अकरा वाजता आप्पांनी चूल दाखवली, बेसन, कांदे, मिरच्या, तेल, भाकरीचं पीठ पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "एक वाजता जेवायचं. सोळाच्या सोळांनी मिळून करा. मी बघत बसतो."

आता काय सांगू! सोळा कोच आणि एक चूल. एकानं लगेच विचारलं, "या पिठल्यातून आपल्याला नेमकं काय साधायचंय?" दुसऱ्यानं भिंतीवर कागद चिकटवून सगळ्यांच्या अपेक्षा लिहायला घेतल्या. एक बाई कांदा हातात घेऊन नुसत्याच उभ्या होत्या, तर तिघांनी त्यांना घेरून त्यांच्या भावना विचारल्या. मी स्वतः, देवाशप्पथ, शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "चूल पेटवायला तुम्हाला आतून काय अडवतंय?" ते म्हणाले, "मला काडेपेटी सापडत नाहीये." साडेबारापर्यंत चूल थंडगार. मग भुकेनं एकेकाचा तोल सुटला, आरडाओरडा झाला, आणि पावणेतीनला गुठळ्यांचं, खारट पिठलं ताटात पडलं.

आप्पांनी ते बोटं चाटून खाल्लं. मग म्हणाले, "मीठ किती जणांनी टाकलं?"

चार हात वर झाले. त्यात एक माझा.

"सोळाबी जण बाकीच्याला शाणं करत व्हता. पिठलं कुणी करत नव्हतं. आन् 'मी मीठ टाकलं' एवढं साधं वाक्य एकाच्या तोंडून निघालं न्हाई." आणि पाणी पिऊन उठले. त्या दिवशी आम्ही इतके हसलो की एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना उचकी लागली, ती संध्याकाळपर्यंत गेली नाही.

मग प्रत्येकाला एक खरीखुरी टीम मिळाली. माझ्या वाट्याला तळेगाव ढमढेऱ्याची शेतकऱ्यांची एक कंपनी आली. कंपनी म्हणजे एक मोठी शेड. आसपासचे शेतकरी भाजी आणून टाकणार, तीसेक बाया ती निवडून क्रेटमध्ये भरणार, आणि टेंपोनं माल शहरात जाणार. चालवणारी माणसं सात, पण तिघांवर सगळं. बागायतदार चेअरमन, मालाची निवड बघणारी सुनीता, आणि टेंपोवाले मामा. महिनाभर चेअरमन शेडमध्ये फिरकले नव्हते, सुनीता कुणाशी बोलत नव्हती, आणि माल वेळेवर निघत नव्हता. शेड बंद पडते की काय, अशी गावात कुजबुज सुरू होती. पडली असती तर त्या तीस बायांना दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खुरपं घेऊन दारोदार काम विचारत फिरावं लागलं असतं.

निघताना आप्पांनी मला एकच गोष्ट बजावली. "सगळ्यांशी एकदम बोलायचं. एकट्याला कुणाला गाठायचं न्हाई. च्या प्यायला पन न्हाई."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी लहानपणापासून पटाईत आहे.

तळेगावला पोचले तो आठवडे बाजाराचा दिवस. चेअरमन स्टँडवरच भेटले, म्हणाले, "मॅडम, आधी घोटभर च्या घेऊ." आणि मी गेले! पंधरा वर्षांची सवय हो, माणूस एकटा दिसला की माझे कान आपोआप टवकारतात. अर्धा कप चहात चेअरमननी मन मोकळं केलं. "तुम्हाला म्हून सांगतो, राजीनामा खिशात हाय. सुनीताला मी नको झालोय. कुणापाशी बोलू नका." मी म्हटलं, अगदी निर्धास्त राहा.

मग म्हटलं, एकाचं ऐकलं, तर दुसरीवर अन्याय नको. सुनीताला भाजी बाजारात गाठलं. ती म्हणाली, "ताई, मी पुढच्या म्हयन्यापास्नं दुसरीकडं जातेय. चेअरमनचा स्वतःचा फ्लॉवर किडका निघाला, मी बाजूला काढला. तवापास्नं त्यांनी शेडीत पाय ठेवला न्हाई. म्हंजी मी जावं, असंच हाय ना? पन तुमच्यातच राहू द्या." तेही ठेवलं पोटात. टेंपोवाले मामा म्हणाले, "ह्या दोघांच्यात शेड बंद पडनार. मी गाडी दुसरीकडं लावायचं बघतोय. बोलू नका बरं का." उरलेल्या चौघांनाही मी एकेक करून ऐकलं. संध्याकाळी दौंडला घरी आले तेव्हा स्वतःवर इतकी खूश होते की नवऱ्याला आपणहून भजी करून घातली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मीटिंग. सातही जण क्रेट पालथे घालून गोल बसले, आणि सातही जण माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. प्रत्येकाला वाटत होतं, बाई आपली आहे. मी सुनीताकडे बघितलं की चेअरमनचा चेहरा पडे, चेअरमनकडे बघितलं की मामा घसा खाकरत. तोंड उघडावं तर कुणाचं तरी गुपित बाहेर पडेल ही धास्ती. शेवटी धीर करून म्हटलं, "चेअरमन, तुमच्या मनात जे आहे ते सगळ्यांना सांगाल का?"

चेअरमन ताडकन उठले. "मॅडम, तुम्हाला सांगितलं व्हतं ना बोलू नका म्हून!"

"आँ? त्यांनी पन तुम्हाला सांगितलंय?" सुनीता माझ्याकडे वळली. "काय सांगितलंय त्यांनी? आन् माझं काय सांगितलं तुम्ही त्यांना?"

मग जो गदारोळ उठला तो विचारू नका. बाहेर भाजी निवडणाऱ्या बाया हात थांबवून दारात गोळा झाल्या. चेअरमन जाताना म्हणाले, "गुरुवारी शेवटची मीटिंग. शेड ठेवायची का बंद करायची, तेवढंच बोलायचं." माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी तशीच आधी जीप, मग एसटी करत कवठ्याला गेले. आप्पा फळीवर रंधा मारत होते. गुपितं सोडून बाकी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पोटात किती हायेत?"

"सात."

"फुगलं आसंल."

"हसू नका आप्पा!" मी ओरडलेच. "तीस बायांचं काम जाईल माझ्या मूर्खपणामुळे. तुम्हाला फळ्या तासायला सुचतंय कसं?"

आप्पांनी रंधा खाली ठेवला. "साहेब, एकाचं गुपित ऐकायचं तुमच्या हाताला वळण पडलंय. हात तिकडंच जातो. मी कँटीनला व्हतो, अजून कुणी उभं दिसलं की 'काय देऊ' असं तोंडात येतं. त्याला काय विलाज? आता गुरुवारी जायचं आन् सगळ्यांम्होरं खरं बोलायचं. त्यांची गुपितं न्हाईत. आपली चूक."

"हाकलून देतील मला."

"देऊ द्या की. सगळ्यांनी मिळून हाकललं तर एक तरी काम त्यांनी मिळून केलं, असं व्हईल."

इतकी रडकुंडीला आले होते, तरी हसू फुटलं. मी निघाले तसे मागून ओरडले, "आन् बोलनं चालू झालं की आपन उठून भाईर यायचं. हाक मारली तरच परत जायचं!"

गुरुवारी आप्पा बरोबर आले, पण आत आले नाहीत. शेडमागं आपलं स्टूल टाकून पेरू खात बसले. आत सातजण, तोंडं सात दिशांना. मी उभी राहिले.

"मी चूक केली," मी म्हटलं. "तुमच्या प्रत्येकाला बाजूला घेऊन ऐकलं. मला तसं करू नको म्हणून सांगितलं होतं, तरी केलं. आता माझ्या पोटात तुमची सात गुपितं आहेत. त्यातलं एकही मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ज्याचं त्यानं इथे मांडावं. मांडायचं नसेल तर मला जा म्हणा, मी जाते."

आणि बसले. माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं म्हणजे शिक्षा. जीभ दातांखाली धरून मी समोरचे क्रेट मोजायला लागले. शंभराच्या वर मोजले. वर पत्रा उन्हानं तडतडत होता.

मग मामा म्हणाले, "मी गाडी काढून घेनार व्हतो. तुमच्या दोघांच्या भांडनाला कटाळून."

सुनीता चमकली. "मामा, तुम्ही? मी तर जायचं ठरीवलंय. दुसरीकडं बोलनं झालंय माझं."

चेअरमननी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि मधल्या क्रेटवर ठेवला. "आन् हा माझा राजीनामा."

तेवढ्यात कडेला बसलेला एक जण हळूच म्हणाला, "म्हंजी मागं ऱ्हानार कोन व्हतं?"

आधी मामांना हसू आलं, मग सुनीताला, मग सगळ्यांना. चेअरमन काही हसले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "मी शेडीत येत नव्हतो ते लाजेनं. चेअरमनचाच फ्लॉवर किडका. बायांना कसं तोंड दाखवू?"

"लाजेनं?" सुनीताचा आवाज चढला. "आन् मी इथं म्हैनाभर झोप उडवून घेतली, तुम्ही रागावला म्हून! एक फोन करता येत नव्हता?"

"तुझा तरी कुठं आला?"

आता सगळेच एकदम बोलायला लागले. फ्लॉवर कुणी कधी तपासायचा, गाडी किती वाजता निघणार, कुणाचंही असो, किडका माल परतच पाठवायचा. मी उठले. कुणाचं लक्ष नव्हतं. बाहेर आले.

आप्पांनी अर्धा पेरू माझ्या हातावर ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. आतून हसण्याचे, भांडण्याचे, परत हसण्याचे आवाज.

"हाक मारली का कुणी?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग तोंड का पाडलंय?"

खरं सांगते, मला राग आला होता. शेड वाचली, तीस बायांचं काम राहिलं, आनंदानं माझा ऊर भरून आला होता, आणि तरी मेलं मनात सलत होतं, एकानंही विचारू नये, मॅडम कुठं गेल्या? मी ते आप्पांना बोलून दाखवलं. आप्पा इतके हसले की पेरूची बी घशात अडकली आणि मला त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

"मग आता स्टूल?" मी विचारलंच.

"बघू," म्हणाले.

बघू! मी जी फुगले ती फुगलेच. जीप येईपर्यंत त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले, आणि नंतर महिना-दोन महिने नुसता कामापुरता फोन.

चार महिन्यांनी कशालातरी तळेगावला जाणं झालं. बाजारात चेअरमन कुणा परगावच्या पाहुण्याला मोठ्या तोऱ्यात सांगत होते, "शेड बंदच पडाया आली व्हती. पन आमचं आम्हीच मिटीवलं. भाईरचं कोन न्हाई लागलं." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "आरं, ह्या मॅडम! ह्या बी व्हत्या त्या दिवशी. कोपऱ्यात बसल्या व्हत्या. लई चांगल्या हायेत. जास्त बोलत न्हाईत."

जास्त बोलत नाहीत! माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर त्यांना घेरी आली असती. मी तिथेच, मेथीच्या ढिगाशेजारी उभं राहून, आप्पांना फोन लावला. हसावं की चिडावं ते कळत नव्हतं. आप्पांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"काय म्हनाले? भाईरचं कोन न्हाई लागलं?"

"हो आप्पा. असं म्हणाले, आणि मी समोर उभी!"

"साहेब," आप्पांचा आवाज एकदम बदलला, "आसाल तशा कवठ्याला या."

गेले. दारातच ते स्टूल ठेवलं होतं. तेल लावून चकचकीत केलेलं. फळीच्या कडेला एक जुना हिरवा ओरखडा होता, क्रेटच्या रंगाचा. मी त्यावरून बोट फिरवलं.

"तुमच्या तळेगावच्या शेडीमागची फळी हाय," आप्पा म्हणाले. "त्या गुरुवारीच काखेत मारली व्हती. तुम्ही रुसून तिकडं तोंड करून उभ्या व्हता, कुठलं दिसतंय? त्याच हप्त्यात स्टूल ठोकलं. फकस्त त्यांच्या तोंडून ते वाक्य यायची वाट बघत व्हतो. बसून बघा."

मी बसले. गुडघे छातीशी आले. आप्पा त्यांच्या स्टुलावर समोरच, माझ्याच उंचीवर. कितीतरी बोलायचं होतं, सहा महिन्यांचं साचलेलं. तोंड उघडलं, परत मिटलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

आप्पांनी थोडा वेळ वाट बघितली. मग घराकडे तोंड करून ओरडले, "आगं ए, च्या टाक लवकर! साहेब गप बसल्यात!"